टेलोमिअरची लांबी मोजायची आहे? मग या क्रमाने जा

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचा भाग. त्याच्या तपासणीत आकडा सहसा बरोबर येतो. घोळ त्याआधीच झालेला असतो. तपासणी कशासाठी करायची हे ठरलेलं नसतं, घरच्यांचे आजार कुणी विचारलेले नसतात, किंवा पद्धतच अशी निवडलेली असते की तिच्यावरून एका रुग्णाबद्दल काहीच सांगता येत नाही. मग रिपोर्टवरचा आकडा घेऊन कुणी उगाच घाबरतं, कुणी उगाच निश्चिंत होतं.

पुढचा क्रम तरुण डॉक्टरांसाठी आणि लॅबमधल्या मंडळींसाठी आहे. घरात असा आजार निघाल्यामुळे स्वतःच वाचायला बसलेल्यांनाही तो उपयोगी पडेल. मात्र औषध सुरू करणं, थांबवणं किंवा बदलणं हे रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचंच काम.

## सुरुवातीआधी: कामापुरतं जीवशास्त्र

माणसाच्या प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं शेकडो-हजारो वेळा लागोपाठ येतात. अगदी शेवटी डीएनएच्या एका धाग्याची शेपटी मोकळी उरते. ती मागे वळून दुपदरी भागात शिरते आणि तिथे फास तयार होतो. त्यावर शेल्टरिन नावाचा सहा प्रथिनांचा संच बसतो: टीआरएफ१, टीआरएफ२, पॉट१, टिन२, टीपीपी१ आणि रॅप१. हे टोक म्हणजे तुटलेला डीएनए आहे असं पेशीला वाटू न देणं, हे या साऱ्या बंदोबस्ताचं मुख्य काम. तसं वाटलं तर पेशी एकतर विभाजन थांबवते, नाहीतर दोन गुणसूत्रांची टोकं एकमेकांना जोडून टाकते.

दर विभाजनात टोकाचा थोडा भाग कॉपी व्हायचा राहतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत ही झीज प्रत्येक विभाजनामागे साधारण ५० ते २०० बेसपेअरची (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांची) असते. ती भरून काढतो टेलोमरेज हा एन्झाइम. त्यात टर्ट नावाचं प्रथिन असतं, टर्क नावाचा आरएनए साचा असतो, आणि हा साचा टिकवून धरणारी डिस्केरिनसारखी प्रथिनं असतात. जननपेशी, स्टेम सेल आणि कामाला लागलेल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) यांत टेलोमरेज चालू असतो. शरीरातल्या बाकी बहुतेक पेशींत तो जवळजवळ बंद असतो.

पुढच्या सगळ्या टप्प्यांत दोन गोष्टी लागणार आहेत. पहिली, पेशी थांबते ती सरासरी लांबीमुळे नव्हे, तर अगदी आखूड झालेल्या थोड्याशा टोकांमुळे. आपल्या बहुतेक तपासण्या मात्र सरासरीच मोजतात. दुसरी, बिघाड दोन्ही बाजूंना होतो. टोकं फार आखूड झाली की अस्थिमज्जा, फुफ्फुस, यकृत, त्वचा आणि आतड्याचं अस्तर यांची दुरुस्ती अडते. टोकं गरजेपेक्षा लांब राहिली तर जी पेशी वेळेत थांबायला हवी ती विभागत राहते. पॉट१ जनुकातले काही बदल घराण्यात उतरतात आणि त्या घरांत मेलॅनोमा (त्वचेचा कर्करोग), ग्लायोमा (मेंदूतली गाठ) आणि काही रक्तकर्करोग जास्त दिसतात, ते यामुळेच. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत टेलोमरेज पुन्हा चालू झालेला सापडतो; उरलेल्यांपैकी बरेच आल्ट नावाच्या वेगळ्या यंत्रणेने टोकं वाढवतात.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

कागदावर एक वाक्य लिहा: "हा आकडा कमी आला तर मी काय वेगळं करणार?" उत्तर सुचत नसेल तर रक्त काढू नका.

रास्त कारणं मोजकीच आहेत. तरुण वयात अस्थिमज्जा निकामी होणं, कारण न सापडलेला फुफ्फुसाचा फायब्रोसिस (फुफ्फुस घट्ट होत जाणं), दारू किंवा हिपॅटायटिसशिवाय झालेला सिरॉसिस, डिस्केराटोसिस कंजेनिटा या आखूड टेलोमिअरच्या जन्मजात आजाराचा संशय, किंवा घरात आधीच सापडलेला जनुकातला बदल. संशोधनातला प्रश्न वेगळा असतो. तिथे शंभर जणांचा एक गट दुसऱ्या गटाशी ताडायचा असतो आणि एकट्या माणसाला त्याचा आकडा सांगायचा नसतो.

"तुमचं जैविक वय सांगतो" म्हणणाऱ्या किट यांपैकी कशातच बसत नाहीत. एकाच वयाच्या निरोगी माणसांत टेलोमिअरच्या लांबीचा पसारा इतका मोठा असतो की त्यावरून एखाद्याचं वय किंवा उरलेलं आयुष्य काढणं हा निव्वळ पोरखेळ आहे.

## २. वंशावळ काढा, आणि ती तिरकी वाचा

इथे सर्वात जास्त घाई होते आणि सर्वात जास्त हातचं निसटतं. निदान तीन पिढ्यांची वंशावळ काढा. "घरात कुणाला हाच आजार होता का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" येईल, कारण टेलोमिअरचे आजार दर पिढीत वेगळ्या रूपात येतात. आजोबा दम लागून गेले, आत्याला सिरॉसिस झाला, वडिलांच्या प्लेटलेट नेहमीच कमी असायच्या, आणि मुलाची अस्थिमज्जा विशीतच आटली. चौघांची फाइल चार वेगळ्या विभागांत असते, मूळ मात्र एकच. पुढच्या पिढीला बदललेल्या जनुकासोबत आधीच आखूड झालेली टोकंही मिळतात. म्हणून आजार दर पिढीत लवकर आणि जास्त तीव्र होत जातो.

म्हणून नावानिशी विचारा:

- तिशीच्या आत केस पांढरे कुणाचे झाले?
- फुफ्फुसाचा फायब्रोसिस, किंवा "जुना दमा" म्हणून सोडून दिलेला दम?
- यकृताचा न उलगडलेला आजार?
- लाल पेशी आकाराने मोठ्या, प्लेटलेट थोड्या कमी, असं वर्षानुवर्षं चाललेलं?
- कमी वयात जिभेचा किंवा तोंडाचा कर्करोग?
- खराब, चिरलेली नखं, मानेवर-छातीवर जाळीसारखा काळपटपणा, तोंडात पांढरे चट्टे?

शेवटच्या ओळीतली तीन लक्षणं म्हणजे डिस्केराटोसिस कंजेनिटाची ठरलेली खूण. पण ती तिन्ही दिसेपर्यंत थांबू नका. मोठेपणी आजार उघड झालेल्यांपैकी बहुतेकांत ती नसतातच, आणि लहान मुलांत ती उमटेपर्यंत अस्थिमज्जा खचलेली असू शकते.

सावध: वंशावळ कोरी निघाली म्हणून संशय सोडू नका. टिन२ प्रथिनाच्या जनुकातले बदल बऱ्याचदा मुलातच नव्याने घडलेले असतात, आणि त्यांत आजार फार लवकर व तीव्र येतो. डीकेसी१ हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यात आई वरवर निरोगी आणि मुलगा आजारी, असं होऊ शकतं.

## ३. आधी सोपी आणि तातडीची कारणं बाजूला करा

अस्थिमज्जा निकामी होत असलेल्या मुलात किंवा तरुणात फॅन्कोनी ॲनिमिया या वेगळ्या जन्मजात आजारासाठी गुणसूत्रं तुटण्याची तपासणी आधी करा. त्यात डीईबी किंवा मायटोमायसिन-सी ही डीएनएला इजा करणारी रसायनं वापरतात. तो आजार आणि टेलोमिअरचा आजार बाहेरून सारखे दिसू शकतात, पण उपचाराची आखणी वेगळी असते. मोठ्या आकाराच्या लाल पेशींसाठी बी१२, फोलेट, थायरॉइड, यकृत आणि औषधांची यादी पाहून घ्या. यातलं काही सापडलं म्हणून टेलोमिअरचा प्रश्न आपोआप मिटत नाही. पण न पाहता पुढे गेलात तर रिपोर्ट आल्यावर मागे फिरावं लागेल.

## ४. पद्धत निवडा: चारपैकी एकच रुग्णासाठी रुळलेली आहे

फ्लो-फिश. यात जिवंत पांढऱ्या पेशींमधल्या टेलोमिअरना चमकणारा प्रोब चिकटवतात आणि पेशींचे प्रकार वेगळे करून प्रत्येक प्रकाराची लांबी काढतात. एका रुग्णाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर ही पद्धत धरा. वयानुसार संदर्भ-आलेख असलेली लॅब मात्र हवी. आलेखाशिवाय फ्लो-फिशचा आकडा निम्मा मुका असतो.

क्यूपीसीआर. थोड्या डीएनएत भागतं, स्वस्त आहे, एका दिवसात शेकडो नमुने होतात. टेलोमिअरचा सिग्नल आणि एका ठरावीक जनुकाचा सिग्नल यांचं गुणोत्तर मिळतं, त्याला एकक नसतं. डीएनए कोणत्या किटने काढला, किती दिवस ठेवला, प्लेटच्या कोणत्या खान्यात पडला, या सगळ्यांनी ते हलतं. मोठ्या गटांच्या संशोधनात ही पद्धत चालते, एका माणसाच्या निदानाला चालत नाही. अशा आकड्यांवर निदान बेतलेलं पाहिलं की मी आधी पद्धतीचं नाव शोधतो.

सदर्न ब्लॉट. एकेकाळी हाच मापदंड होता आणि संशोधनात अजून आहे. डीएनए जास्त आणि न तुटलेला लागतो. यात टेलोमिअरशेजारचा थोडा भागही मोजला जातो, म्हणून आकडा फ्लो-फिशपेक्षा मोठा दिसतो.

लाँग-रीड सिक्वेन्सिंग. प्रत्येक गुणसूत्राचं टोक वेगळं वाचता येतं, त्यामुळे सरासरीमागे लपलेली आखूड टोकंही दिसतात. रोजच्या निदानात ही पद्धत अजून रुळलेली नाही.

तपासून घ्या: रिपोर्टवर पद्धतीचं नाव, पेशीचा प्रकार आणि वयाचा संदर्भ, तिन्ही छापलेले असतील का? लॅबला आधीच विचारा. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आलेखावर मांडणं ही या विषयातली सर्वात जास्त होणारी चूक आहे.

## ५. नमुना: वेळ आणि माणूस दोन्ही बरोबर हवेत

फ्लो-फिशला जिवंत पेशी लागतात. रक्त गोठवलं की ते बाद. कोणत्या रंगाच्या झाकणाची नळी, कोणतं तापमान, किती तासांत पोहोचायला हवं, हे लॅबचं पत्रक पाहून ठरवा आणि आठवड्याच्या सुट्टीच्या तोंडावर रक्त काढू नका. उशीर झाला की आधी ग्रॅन्युलोसाइट (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) खराब होतात. लिम्फोसाइट थोड्या चिवट असतात.

नळीपेक्षा मोठी चूक रुग्ण निवडताना होते. ज्याचं दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं आहे, त्याच्या रक्तात दात्याच्या पेशी असतात. तिथे लांबी दात्याची येईल आणि जनुकही दात्याचंच. रक्तात ल्युकेमियाच्या पेशी भरलेल्या असतील तर आकडा त्या पेशींचा येतो; तिथेही थांबा. किमोथेरपी नुकतीच झाली असेल तर रक्त सावरू द्या.

तपासून घ्या: फॉर्मवर जन्मतारीख, प्रत्यारोपणाचा इतिहास, सध्याचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि चालू औषधं लिहिली आहेत का? वय चुकलं तर पर्सेंटाइल (त्याच वयाच्या शंभर जणांत खालून कितवा नंबर) चुकतं, आणि मग बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

## ६. रिपोर्ट वाचताना आधी लिम्फोसाइट, मग वय, मग आकडा

हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो. नजर थेट किलोबेसवर (हजार बेसपेअरच्या एककातल्या लांबीवर) जाते. समजा लिम्फोसाइटची लांबी ५.५ किलोबेस आली. सत्तरीतल्या माणसात ती सर्वसाधारण आहे. दहा वर्षांच्या मुलात हीच लांबी १ ल्या पर्सेंटाइलच्या बरीच खाली आहे. लांबी बाळपणी झपाट्याने कमी होते, मग वेग मंदावतो आणि मोठेपणी पांढऱ्या पेशींत दरवर्षी साधारण २० ते ५० बेसपेअर जातात. म्हणून नुसत्या किलोबेसला अर्थ नाही, पर्सेंटाइलला आहे.

मग पेशीचा प्रकार पाहा. फक्त ग्रॅन्युलोसाइट आखूड आणि लिम्फोसाइट ठीक, हे चित्र अनेक मिळवलेल्या आजारांत दिसतं, कारण थकलेली अस्थिमज्जा उरलेल्या थोड्या स्टेम सेलना जास्त राबवते. ते जन्मजात बिघाडाचा पुरावा धरू नका. डिस्केराटोसिस कंजेनिटात लिम्फोसाइटच १ ल्या पर्सेंटाइलखाली असतात, आणि त्यांच्या उपप्रकारांतही तोच आखूडपणा दिसतो.

आता वयाची खोच. लहान मूल किंवा तरुण असेल तर १ ल्या पर्सेंटाइलची रेघ चांगली काम करते. पन्नाशी-साठीनंतर फुफ्फुसाचा फायब्रोसिस घेऊन आलेल्या माणसात टर्ट किंवा टर्कमधला खरा बदल असूनही लांबी १ ते १० पर्सेंटाइलच्या मध्ये येऊ शकते, कारण त्या वयाच्या सगळ्यांचीच टोकं झिजलेली असतात आणि रेघ खाली सरकलेली असते. तिथे "१ च्या वर आहे, म्हणजे नॉर्मल" असं लिहून फाइल बंद करणं चूक. उलट लांबी मधल्या रेघेच्या, म्हणजे ५० व्या पर्सेंटाइलच्या वर असेल तर आखूड टेलोमिअरच्या आजाराची शक्यता जवळजवळ मावळते. दुसरं कारण शोधा.

सावध: १० व्या पर्सेंटाइलखाली आहे, एवढ्याने आजार ठरत नाही. व्याख्येनेच दर दहातला एक निरोगी माणूस तिथे असतो. लक्षणं आणि वंशावळ नसेल तर तो आकडा नुसता आकडा आहे.

## ७. जनुकांची तपासणी: पॅनेलमध्ये काय नाही ते आधी पाहा

लांबी संशयास्पद असेल, किंवा लांबी सीमेवर पण वंशावळ बोलकी असेल, तर जनुकं तपासा. पॅनेलमध्ये, म्हणजे तपासायच्या जनुकांच्या यादीत, निदान टर्ट, टर्क, डीकेसी१, टिन२चं जनुक, आरटीईएल१, पार्न, नॉप१०, एनएचपी२, नाफ१ आणि सीटीसी१ हवीत.

टर्कवर बोट ठेवून विचारा. ते प्रथिन बनवत नाही, फक्त आरएनए बनवतं. एक्झोम तपासणीची आखणी प्रथिन बनवणाऱ्या भागांभोवती झालेली असते, त्यामुळे टर्क त्यातून सुटू शकतं आणि रिपोर्टवर "काही सापडलं नाही" येतं. सापडलं नाही आणि पाहिलंच नाही, यात फरक आहे; तो रिपोर्टवर दिसत नाही, विचारावा लागतो.

बदल सापडला पण त्याचा अर्थ ठरत नाही, असंही होतं, विशेषतः टर्टमध्ये. तेव्हा टेलोमिअरची लांबीच साक्षीदार असते: बदल असलेल्या नातेवाइकांत लांबी कमी आणि नसलेल्यांत बरी, असं दिसलं तर संशय बळावतो. मात्र बदल न मिळालेल्या भावंडालाही आईवडिलांची आखूड टोकं मिळालेली असू शकतात, म्हणून हा पुरावा एकटा पुरत नाही.

काही वेळा रक्तातल्या पेशी जगण्यासाठी स्वतःच जनुक दुरुस्त करून घेतात, आणि मूळचा बदल रक्तात पुसट होतो. संशय दाट असून रक्त कोरं निघालं तर त्वचेतून वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींचा डीएनए तपासा. प्रत्यारोपण झालेल्यांसाठीही तोच मार्ग. आणि सगळं करूनही जनुक सापडलं नाही, तरी लक्षणं व लांबी जुळत असतील तर निदान खोडू नका. डिस्केराटोसिस कंजेनिटाच्या बऱ्याच रुग्णांत जनुक आजही सापडत नाही.

## ८. निकाल आल्यावर, उपचाराआधी थांबा

हा रिपोर्ट औषधांच्या यादीपर्यंत पोहोचायला हवा. तो फाइलमध्ये लावून पुढे जाण्यातच खरं नुकसान आहे.

- अस्थिमज्जा निकामी झालेली असेल: एटीजी आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यामुळे झालेल्या आजारासाठी आहेत. टोकांच्या बिघाडात त्यांचा फायदा क्वचितच होतो आणि वेळ मात्र जातो.
- प्रत्यारोपण ठरत असेल: नेहमीच्या तीव्रतेचं बुसल्फान (किमोथेरपीचं औषध) किंवा पूर्ण शरीराला रेडिएशन या रुग्णांच्या फुफ्फुसाला आणि यकृताला झेपत नाही. कमी तीव्रतेची, फ्लुडाराबिनवर आधारलेली, प्रत्यारोपणाआधीची तयारी निवडतात. दाता म्हणून भावंड घेण्याआधी त्याचं जनुक आणि लांबी तपासलीच पाहिजे. वरवर धडधाकट भावंडातही तोच बदल असू शकतो.
- फुफ्फुसाचा फायब्रोसिस असेल: प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हे त्रिकूट टाळा. २०१२ च्या चाचणीत या त्रिकुटाच्या गटात मृत्यू आणि भरती वाढल्याने तो गट मध्येच थांबवावा लागला, आणि पुढच्या विश्लेषणात हे नुकसान आखूड टेलोमिअरवाल्यांत एकवटलेलं दिसलं. फुफ्फुसाचं प्रत्यारोपण झालं तर मायकोफेनोलेट आणि गॅन्सिक्लोव्हिर या औषधांनी रक्तपेशी घसरतात. त्या टीमला आधीच सांगा.
- डॅनॅझॉल या ॲन्ड्रोजेनच्या (पुरुष-संप्रेरकाच्या) जातीच्या औषधाचा विचार असेल: २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ८०० मिलिग्रॅम दिल्यावर बऱ्याच रुग्णांच्या रक्तपेशी सुधारल्या आणि टोकं वाढलेलीही दिसली. चाचणी लहान होती, तुलनेचा गट नव्हता. यकृतावर सतत लक्ष लागतं, आणि ॲन्ड्रोजेनसोबत जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध) दिल्याने प्लीहा फुटल्याच्या नोंदी आहेत, म्हणून ही जोडी टाळा.

सावध: "टेलोमरेज वाढवणाऱ्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या या यादीत नाहीत, आणि नकोतच. ज्या यंत्रणेचा आधार बहुतेक कर्करोग घेतात ती सरसकट चेतवणं हा उपचार नव्हे.

## ९. नजर ठेवण्याचं वेळापत्रक लिहून द्या

तोंडी सांगितलेलं विसरतं. सीबीसी, डीएलसीओसह (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याचं माप) फुफ्फुसाची क्षमता, यकृताची तपासणी, दंतवैद्याकडून तोंडाची आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून त्वचेची पाहणी, हे किती महिन्यांनी करायचं ते कागदावर हवं. विश्रांतीत ऑक्सिजन कमी असून छातीचा सीटी त्या मानाने स्वच्छ असेल तर यकृतामुळे होणाऱ्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडाचा विचार करा; बबल इकोने (बुडबुडे सोडून केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीने) तो पकडता येतो. धूम्रपान पूर्ण बंद. आखूड टेलोमिअर आणि धूर एकत्र आले की एम्फिसीमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटणं) लवकर गाठतो.

## १०. नातेवाइकांची तपासणी

आधी समुपदेशन, मग रक्त. घरात बदल ठरलेला असेल तर नातेवाइकांत तोच एक बदल तपासा, पूर्ण पॅनेल नको. ज्या मोठ्या माणसाला जाणून घ्यायचं नाही, त्याला तो हक्क आहे. अपवाद फक्त तो दाता होणार असेल तेव्हा. मुलांची तपासणी निकालावरून आत्ता काही करता येणार असेल तरच.

## ११. लांबी दरवर्षी मोजू नका

मोठेपणी वर्षाची झीज साधारण २० ते ५० बेसपेअरची, आणि चांगल्या पद्धतीतलीही मोजणीची चूक काही शे बेसपेअरची. यंदा आकडा वाढलेला दिसला काय किंवा घटलेला दिसला काय, तो फरक बहुधा मोजणीचाच असतो. व्हिटॅमिन, व्यायाम किंवा उपवासाने "टेलोमिअर वाढले" असं सांगणारे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून कुणी दाखवले तर पद्धत, लॅब आणि दोन मोजण्यांमधलं अंतर विचारा. पुन्हा मोजायचं ते पहिला नमुना उशिरा पोहोचला असेल, वय चुकीचं टाकलं असेल, किंवा आकडा रुग्णाच्या चित्राशी अजिबात जुळत नसेल तेव्हा, आणि त्याच पद्धतीने, शक्यतो त्याच लॅबमध्ये.